प्रकाश सापळ्यातले हिरवे तुडतुडे: ठिपक्यावरून अंदाज, नराच्या शरीररचनेवरून खात्री

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. रायगड जिल्ह्यात भातखाचराच्या बांधावर प्रकाश सापळा लावला होता. सकाळी त्यात हिरवे तुडतुडे मिळाले. काहींच्या डोक्यावर काळी पट्टी आहे, काहींच्या नाही. काहींच्या पंखावर ठळक काळा ठिपका आहे, काहींचा अगदी पुसट, आणि बऱ्याच किड्यांवर खूणच नाही. ही एक जात की दोन? प्रबंधात कोणतं नाव लिहायचं? फोटो पाठवला तर सांगता येईल का? शिवाय आंब्यावरच्या तुडतुड्यांना हीच पद्धत चालते का?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. तुमच्या डब्यात बहुधा दोन जाती आहेत. नेफोटेटिक्स व्हायरेसेन्स आणि नेफोटेटिक्स निग्रोपिक्टस. पंखावरच्या ठिपक्यावरून त्या वेगळ्या करू नका. डोक्याचा माथा आणि त्यामागचा प्रोनोटम, म्हणजे छातीच्या पुढच्या भागावरची पाटी, पाहून दोन ढीग करा, प्रत्येक ढिगातले काही नर उघडून, म्हणजे त्यांच्या पोटातली जननेंद्रियं पाहून, खात्री करा आणि माद्यांच्या बाबतीत सावध राहा.

सुरुवात डबा उलटा करण्यापासूनच करू, कारण सापळ्यात तपकिरी तुडतुडेही भरपूर येतात. मराठीत आपण दोघांनाही तुडतुडे म्हणतो, पण ती दोन वेगळी कुळं आहेत. मागच्या पायाची पोटरी भिंगाखाली बघा. तिच्या टोकाशी एकच मोठा, हलणारा काटा असेल तर तो तपकिरी तुडतुड्याच्या कुळातला. पोटरीवर लांबीभर बारीक काट्यांच्या ओळी असतील तर तो आपल्या कामाचा. पांढरा तुडतुडा आणि पंखांवर नागमोडी पट्टा असलेला तुडतुडा नुसत्या डोळ्यांनीही वेगळे काढता येतात. उरतो तो हिरव्यांचा ढीग, आणि खरं काम तिथूनच सुरू होतं.

निग्रोपिक्टसच्या माथ्यावर पुढच्या कडेच्या किंचित आत, कडेला समांतर अशी काळी पट्टी असते. एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे गेलेली. त्याच्या प्रोनोटमची पुढची कडही काळी असते. व्हायरेसेन्सचा माथा आणि प्रोनोटम हिरवे, स्वच्छ. पुढच्या पंखाचा शेवटचा भाग दोघांच्याही नरांत काळा असतो, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. पंखाच्या मधोमध असलेला काळा ठिपका निग्रोपिक्टसमध्ये मोठा असून तो पंखाच्या आतल्या शिवणीला टेकतो. व्हायरेसेन्समध्ये ठिपका असलाच तर लहान असतो आणि शिवणीपासून दूर राहतो. पुस्तकात हे वाचताना अगदी सोपं वाटतं. पण शंभर किडे ताटलीत ओतले की पाच-दहा असे निघतात, ज्यांचा ठिपका टेकतोय की नाही हे दोन माणसं दोन तऱ्हांनी सांगतात. व्हायरेसेन्सच्या काही नरांत ठिपका जवळजवळ नसतोच. नुकतीच कात टाकलेल्या नराचे रंग अजून भरलेले नसतात, म्हणून निग्रोपिक्टसची पट्टीही फिकट दिसते. त्यातच किडे अल्कोहोलमध्ये राहिले तर हिरवा रंग उतरून सगळे पिवळट होतात. काळं टिकतं, पण त्याची कड कुठे संपते ते समजेनासं होतं.

मी ही चूक केलेली आहे, म्हणून इतकं आग्रहानं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका पूर्ण खरीप हंगामाचे सापळ्यातले किडे मी ठिपक्यावरून मोजले. ठिपका लहान दिसला की व्हायरेसेन्स. संख्या मोठी निघाली, तक्ते झाले, त्यावरून रोगाचा धोका जास्त असल्याचा इशाराही लिहिला गेला. दोन वर्षांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्याच बाटल्यांतले नर उघडायला लावले. ‘व्हायरेसेन्स’च्या ढिगात निग्रोपिक्टस भरपूर निघाले. आकडे होते तसेच राहिले, फक्त ते कोणाचे आकडे होते हे मला सांगता येईना. तेव्हापासून ज्या ढिगातला एकही नर उघडलेला नाही, त्याच्या चिठ्ठीवर मी जातीचं नाव लिहीत नाही.

‘दोन्ही हिरवे, दोन्ही रस शोषतात, मग फरक कशाला?’ असं शेतकरी विचारतात आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. फरक टुंग्रोचा आहे. टुंग्रो रोगात भाताची पानं पिवळी-नारिंगी पडतात, रोप खुजं राहतं. त्यामागे दोन विषाणू असतात, एक गोलाकार आणि एक सळईसारखा. सळईसारख्या विषाणूला एका रोपावरून दुसऱ्यावर जायला गोलाकार विषाणूची सोबत लागते. दोघांनाही नेतो तो तुडतुडा, आणि त्यात व्हायरेसेन्स सर्वांत पटाईत. निग्रोपिक्टसही विषाणू नेऊ शकतो, पण त्याची क्षमता बरीच कमी. शिवाय तो बांधावरच्या गवतावर, पाणथळ जागेतल्या तणांवर आनंदानं राहतो, तर व्हायरेसेन्सचा ओढा भाताकडे जास्त. तुडतुडा विषाणू काही दिवसच बाळगतो. तुडतुड्यानं कात टाकली की विषाणू निघून जातो आणि अंड्यांतून पिलांत उतरत नाही. म्हणजे धोका ठरतो तो अमुक जातीचे किती प्रौढ आज भातावर आहेत यावरून. दोन्ही जाती एकत्र मोजल्या तर तो आकडा फवारणीच्या निर्णयाला फारसा उपयोगी पडत नाही.

आता नावांचा घोळ, कारण जुने अहवाल वाचताना तुम्ही यात अडकणार. भातावरच्या या किड्यांना आपल्याकडे पूर्वी नेफोटेटिक्स बायपंक्टेटस आणि नेफोटेटिक्स अपिकॅलिस म्हणत. १९६४ मध्ये इशिहारा या जपानी अभ्यासकानं डोक्यावर पट्टी नसलेल्या जातीला इम्पिक्टिसेप्स हे नाव दिलं. त्या नावाचा अर्थच ‘डोकं न रंगवलेला’. मागाहून लक्षात आलं की हीच जात डिस्टंट या अभ्यासकानं १९०८ मध्ये व्हायरेसेन्स या नावानं नोंदवून ठेवली आहे, म्हणून जुनं नाव कायम झालं. अपिकॅलिस म्हणून लिहिला जाणारा आजचा निग्रोपिक्टस. १९६८ मध्ये इशिहारा आणि कावासे यांनी मलायनस आणि पार्व्हस अशा आणखी दोन जाती वेगळ्या काढल्या, आणि १९७१ मध्ये घौरी यांनी नराच्या जननेंद्रियांच्या आधारानं सगळा वंश नव्यानं लावला. तेव्हा १९६०च्या दशकातल्या किंवा त्याआधीच्या एखाद्या अहवालात ‘बायपंक्टेटस’ दिसला, तर त्याला आजचं कोणतंही नाव थेट चिकटवू नका. अहवालात होतं ते नाव तसंच लिहा. जपान, चीन, कोरियातल्या लेखांत दिसणारा सिंक्टिसेप्स हाही वेगळा आहे. त्याच्या माथ्यावर पट्टी असते, पण प्रोनोटमची पुढची कड काळी नसते. परदेशी चित्रं पाहून तो आपल्या सापळ्यात शोधणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

आता नर उघडणं. आधी नर-मादी ओळखा. किडा उताणा करा. पोटाच्या टोकाशी मधोमध लांब फट आणि तिच्यात म्यानात ठेवल्यासारखी अंडी घालायची सुई दिसली तर ती मादी. दोन त्रिकोणी पट्ट्या शेजारी-शेजारी दिसल्या तर नर. नर आकारानंही लहान, साधारण चार-साडेचार मिलिमीटर. मादी पाचच्या पुढे.

किडा कोरडा असेल तर पोट ओढताना तो तुटतो, म्हणून त्याला काही तास ओलसर डबीत ठेवून मऊ करा. दोन बारीक सुया घ्या. एकीनं छाती धरा, दुसरीनं पोट मुळाशी हळूच वर उचला, ते सुटून येतं. ते १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये टाका. घाई असेल तर गरम पाण्यात नळी ठेवून पाच-दहा मिनिटं, नाहीतर रात्रभर साध्या तापमानाला. माझा कल रात्रभर ठेवण्याकडे. उकळताना एक क्षण जास्त झाला तर नाजूक भाग पारदर्शक होऊन जातात आणि मग भिंगाखाली काही दिसत नाही. पोटॅश स्नायू आणि चरबी खातं, कायटिनचं कवच सोडतं. नंतर पाण्यानं धुवा, त्या पाण्यात ॲसेटिक आम्लाचा एक थेंब घाला म्हणजे पोटॅशचा अंश उरत नाही. शेवटी खोलगट काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा.

आता बघायचं काय? सगळ्यात बाहेर डबीसारखं कवच आहे, ते पायगोफर. त्याच्या खाली त्या दोन त्रिकोणी पट्ट्या, सबजेनायटल प्लेट. त्या बाजूला केल्या की आत दोन आकड्यांसारखे भाग, स्टाइल. त्यांना जोडणारा मधला तुकडा, कनेक्टिव्ह. आणि त्या कनेक्टिव्हवर उभा असलेला, नळीसारखा, कडक एडिॲगस, म्हणजे नराचं मीलनाचं इंद्रिय. जात ठरवण्यात सगळ्यांत मोठा वाटा याचा. नेफोटेटिक्समध्ये त्या नळीवर बारीक दातांच्या दोन ओळी असतात. दात किती, नळीच्या कोणत्या उंचीपासून सुरू होतात, टोकाचा आकार कसा, हे पाहून जाती वेगळ्या होतात. एका नरावर निकाल देऊ नका. प्रत्येक ढिगातले निदान पाच-सहा उघडा, दोन्ही बाजूंचे दात मोजा, आणि तुमचं चित्र घौरींच्या किंवा नंतरच्या प्रमाण चित्रांशेजारी ठेवून बघा. ओळखतक्त्याचं वाक्य वाचून ‘जुळतंय’ म्हणू नका, चित्राशी चित्र जुळवा.

इथे सगळ्यात जास्त फसवतो तो कोन. एडिॲगस थोडा कलंडला तरी त्याची वाक बदललेली दिसते आणि दातांची एक ओळ मागे लपते. नवशिक्या माणसाला ती वेगळी जात वाटते. म्हणून एक दृश्य बरोबर बाजूनं आणि एक बरोबर खालून, अशी दोन पक्की चित्रं प्रत्येक वेळी काढा. पातळ ग्लिसरीनमध्ये तुकडा सरकत राहतो. ग्लिसरीन जेलीचा छोटा कण गरम करून त्यात तो बसवला की स्थिर राहतो. हातानं चित्र काढण्याचा आग्रह मी अजून सोडलेला नाही. कॅमेऱ्यानं टिपलेल्या चित्रात सगळं येतं. हातानं काढताना मात्र डोळ्याला थांबून ठरवावं लागतं की ही रेघ दाताची की घडीची.

काम झाल्यावर पोट फेकू नका. ग्लिसरीनचा थेंब घातलेल्या बारीक कुपीत ठेवून ती कुपी त्याच किड्याच्या टाचणीला अडकवा. किडा एका डब्यात आणि त्याचं पोट दुसऱ्या कपाटात, असे संग्रह मी पाहिले आहेत. त्यांतल्या एकाही नावावर आज विश्वास ठेवता येत नाही.

अजून दोन गोष्टींनी गोंधळ होतो. पहिली परजीवींची. तुडतुड्यांच्या पोटात डोकेमाशीची अळी वाढते, ड्रायनिड गांधीलमाशीच्या अळीची काळी पिशवी त्यांच्या पोटाला बाहेर लोंबते, आणि पंख-पिळक्या परजीवीही असतात. अशा किड्याची जननेंद्रियं नीट वाढत नाहीत, एडिॲगस आखूड किंवा वेडावाकडा राहतो. एखाद्या नराची रचना कोणत्याच चित्राशी जुळत नसेल, तर नवी जात सापडल्याच्या आनंदाआधी त्याचं पोट आतून तपासा. दुसरी गोष्ट संकराची. फिलिपाइन्समध्ये भात संशोधनाच्या कामात लिंग नावाच्या संशोधकांनी या दोन जातींचा संकर घडवला आणि १९६८ मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्या काळी दोघांची नावं इम्पिक्टिसेप्स आणि अपिकॅलिस होती. प्रयोगशाळेत जमलं म्हणजे शेतात सर्रास घडतं असं नाही. पण मधल्या खुणांचा एखादा नर मिळाला तर त्याला जबरदस्तीनं एका ढिगात ढकलू नका. त्याला वेगळं ठेवा, वेगळा मोजा आणि तसं लिहा.

माद्यांचं काय करायचं? डोक्यावर पट्टी आणि प्रोनोटमची कड काळी असेल, आणि त्याच रात्री त्याच सापळ्यात निग्रोपिक्टसचे नर खात्रीनं ओळखलेले असतील, तर त्या मादीला निग्रोपिक्टस म्हणायला हरकत नाही, पण टीप लिहून. काहीच खुणा नसलेल्या मादीला मी ‘नेफोटेटिक्सची मादी’ एवढंच लिहितो. मार्गदर्शकांना हे अपुरं वाटतं, रकाना रिकामा दिसतो. तरीही मला ती नोंद खोट्या नेमकेपणापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. माद्यांची जात लागणं गरजेचंच असेल तर दोन वाटा आहेत. एक, जिवंत मादी कुंडीतल्या भाताच्या रोपावर एकटी सोडा, पिलं वाढवा आणि तिचे मुलगे उघडा. दोन, डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याचा क्रम साठवलेल्या नमुन्यांशी जुळवून जात ओळखणं. पण तिथेही, ज्या नमुन्याशी तुमचा क्रम जुळतो त्या नमुन्याचा नर कधी कोणी उघडून पाहिला होता का, हे विचारा. चुकीच्या नावाचा क्रम साठ्यात गेला की तो चुका वाटतच राहतो.

हे किडे एकमेकांना कसे ओळखतात, हे मला आजही थक्क करतं. नर भाताच्या खोडातून कंप पाठवतो, मादी तसंच उत्तर देते, आपल्या कानांना त्यातलं काही ऐकू येत नाही. आपण ज्या ठिपक्यांवर इतका वाद घालतो, त्यांच्याकडे बहुधा त्यांचं लक्षही नसतं.

आंब्याबद्दल. हापूसच्या मोहोरावर तुम्हाला तीन नावं भेटतील: ॲम्रिटोडस ॲटकिन्सोनी, इडिओस्कोपस क्लायपियालिस आणि इडिओस्कोपस निटिड्युलस. तिसऱ्याला जुन्या पत्रकांत निव्हिओस्पार्सस म्हटलेलं आहे. इथे बाहेरच्या खुणा भातापेक्षा जास्त उपयोगी पडतात. ॲटकिन्सोनी सर्वांत मोठा, पंखांच्या मुळाशी असलेल्या त्रिकोणी पाटीवर, म्हणजे स्क्युटेलमवर, दोन ठिपके. निटिड्युलस मध्यम, पाटीवर तीन ठिपके आणि फिकट तपकिरी पंखांवर आडवा पांढरा पट्टा. क्लायपियालिस सर्वांत लहान, पाटीवर दोन ठिपके आणि माथ्यावरही गडद ठिपके. बागेत उभं राहून एवढं पुरतं. फवारणीचा निर्णयही मोहोरावरच्या एकूण तुडतुड्यांवर ठरतो. मोहोर गळणं, चिकटा पडणं आणि त्यावर काजळी धरणं हे तिघेही करतात.

पण संशोधनासाठी एवढं पुरत नाही, आणि त्याचा पुरावा नावांतच आहे. कीटकशास्त्रज्ञ विरक्तमठ यांनी १९७६ मध्ये ॲम्रिटोडस ब्रेव्हिस्टायलस ही जात मांडली. नावाचा अर्थ ‘आखूड स्टाइलचा’. बाहेरून ॲटकिन्सोनीच्या जवळचा हा किडा ओळखायची खूण नराच्या पोटात आहे. विदर्भाशी नातं सांगणारी इडिओस्कोपस नागपूरेन्सिस ही जात हेमसिंग प्रुथी यांनी १९३० मध्ये वर्णिली. हेच प्रुथी त्याआधी, १९२५ मध्ये, ढेकूण-तुडतुड्यांच्या गटातल्या नरांच्या जननेंद्रियांवर मोठा अभ्यास केला होता. आपल्याकडच्या तुडतुड्यांना शरीररचनेच्या पायावर उभं करण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे आणि कृषी महाविद्यालयांत त्यांचं नाव पुरेसं घेतलं जात नाही, याची मला खंत वाटते.

कपाशीवरच्या तुडतुड्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण एक गोष्ट सांगतोच. पुढच्या पंखांच्या टोकाजवळ एकेक काळा ठिपका असलेला आपला नेहमीचा अम्रास्का बिगुटुला. विदर्भात, मराठवाड्यात सगळे त्याला ओळखतात. पश्चिम आफ्रिकेत २०२२ च्या हंगामात कपाशीचं फार मोठं नुकसान झालं. तिथे पूर्वीपासून जॅकोबिएला फेशियालिस हा दुसरा हिरवा तुडतुडा असतो आणि लोकांना सुरुवातीला हे त्याचंच काम वाटलं. नीट तपासल्यावर निघाला तो आशियातून पोचलेला अम्रास्का. ज्याच्याशी आपण लढतो आहोत तो किडा कोणता, हेच तिथे आधी शोधावं लागलं. हे सगळे फिकट हिरवे, तीन मिलिमीटरच्या आतले. त्यांच्यात नराच्या पोटातले, कंप निर्माण करणाऱ्या स्नायूंना आधार देणारे पडदे, पायगोफरचे काटे आणि एडिॲगस, हे सगळं पाहावं लागतं.

आता फोटोचं. मोबाइलवर वरून काढलेल्या फोटोवरून मी ‘नेफोटेटिक्स’ एवढंच सांगू शकेन. माथा आणि प्रोनोटम समोरून स्पष्ट दिसत असतील तर ‘निग्रोपिक्टस असावा’ इथपर्यंत. त्यापुढे किडेच पाठवा. पंचवीस-तीस नर आणि तितक्याच माद्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये, बाटली काठोकाठ भरून, म्हणजे प्रवासात हवेच्या बुडबुड्यानं पाय आणि मिशा तुटत नाहीत. आठ-दहा नर कोरडे, त्रिकोणी कागदाच्या टोकाला चिकटवून, म्हणजे मूळ हिरवा रंग पाहता येईल. चिठ्ठी बाटलीच्या आत, शिसपेन्सिलनं लिहिलेली: गाव, तालुका, तारीख, सापळा की हातजाळी, पीक कोणतं, आणि बांधावर गवत होतं का. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग आत नुसते किडे उरतात, कुठले ते कळत नाही.